४ जीबी रॅमचा लॅपटॉप: विंडोज, क्रोम-ओएस फ्लेक्स आणि शेवटी मिंट

आधी यंत्र सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. सेलेरॉन एन४०२०, म्हणजे दोन कोअरचा, ६ वॉटवर चालणारा प्रोसेसर. ४ जीबी रॅम, तीही बोर्डावरच डकवलेली, वाढवायची सोय नाही. ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे एसएसडीऐवजी लावलेली स्वस्त, हळू साठवण. पडदा साडेअकरा इंची, १३६६ बाय ७६८. पंखा नाही, त्यामुळे आवाजही नाही, आणि वजनाला इतका हलका की खांद्याला लावून दिवसभर फिरावं. माझी कामं म्हणजे मराठी मजकुराचं मुद्रितशोधन, सोसायटीचे हिशेब, बँक, मेल आणि रात्री यूट्यूब. तीन सिस्टीम पाळीपाळीने वापरून झाल्या. मिंटवर, म्हणजे लिनक्सच्या एका मोफत आवृत्तीवर, आता बरेच महिने आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

लॅपटॉपमध्ये विंडोज ११ घालूनच आलं होतं. त्याची अधिकृत किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे, म्हणजे हे यंत्र काठावर पास. काठावर पास झालेल्या पोराला सायन्सला घातल्यावर त्याचं जे होतं, तेच इथे होतं. काहीही न उघडता दोन जीबीच्या वर रॅम गेलेली. ब्राउझरचे चार टॅब आणि एक वर्डची फाइल उघडली की उरलेलीही संपते, आणि सिस्टीम रॅममधला माल ईएमएमसीवर ढकलायला लागते. खरी गोम इथे आहे. ईएमएमसी सलग मोठी फाइल वाचायला ठीक असते, पण बारीकसारीक लिहिण्या-पुसण्यात एसएसडीच्या जवळपासही जात नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, आणि मी टाइप केलेलं अक्षर पडद्यावर यायची वाट बघत बसलेली. दोष विंडोजचा म्हणणार नाही. ८ जीबी आणि साध्या एसएसडीवर तेच विंडोज ऑफिसात मजेत चालतं. परत विंडोज १० टाकावं, तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या यंत्रावर बँकेचं काम करायचं, त्यावर ते नको वाटलं.

मग क्रोम-ओएस फ्लेक्स, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर टाकता येणारी, ब्राउझरभोवती बेतलेली गूगलची सिस्टीम. गूगलने २०२० मध्ये नेव्हरवेअर ही कंपनी घेतली, तिच्या क्लाउडरेडी या सिस्टीमवरून हे तयार झालं आणि २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. पेनड्राइव्हवर घ्या, टाका, झालं. चालू व्हायला पटकन, अपडेट गुपचूप मागे होतात, आणि घरातल्या ज्येष्ठांना शिकवायला याहून सोपं काही नाही. बाबांना बातम्या, व्हिडिओ कॉल आणि रेल्वेचं तिकीट एवढंच लागतं. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मी हेच टाकून दिलंय आणि 'अगं, हे अडकलंय' असा फोन येणं जवळजवळ थांबलंय. पण क्रोमबुकवर मोबाइलची अ‍ॅप चालतात म्हणून फ्लेक्सवरही चालतील असं समजून कुणी घेऊ नये. फ्लेक्समध्ये प्ले स्टोअर नाहीच. आणि माझ्यासारखीचं काम फायलींमध्ये असतं, टॅबमध्ये नाही. प्रकाशकाकडून आलेली शंभर पानांची फाइल ब्राउझरमधल्या ऑफिसात उघडून जोडाक्षरं तपासत बसणं मला जमलं नाही. नेट गेलं की तर हात बांधल्यासारखेच.

लिनक्समध्ये मी मिंट २२ ची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती घेतली. मिंटचा दुसरा डेस्कटॉप सिनॅमन दिसायला देखणा, पण या रॅमवर एक्सएफसीईच बरं. उबंटू या दुसऱ्या लिनक्सचं भावंड लुबंटूही हलकं आहे, मात्र उबंटूच्या कुळात फायरफॉक्स स्नॅप या जड, बंदिस्त पॅकेजमधून येतो आणि ईएमएमसीवर पहिल्यांदा उघडायला वेळ खातो. मिंट तो साध्या पॅकेजमधून देतं. शिवाय हे उबंटू २४.०४ वर बेतलेलं असल्याने २०२९ पर्यंत आधार आहे. चालू झाल्यावर रॅम एक जीबीच्या आत. म्हणजे ब्राउझरला तीन जीबी मोकळी, आणि स्वस्त लॅपटॉपवर सगळा हिशेब शेवटी एवढ्याचाच असतो. सिस्टीम कितीही हलकी घ्या, आजचं एक वेबपान पाच वर्षांपूर्वीच्या अख्ख्या प्रोग्रॅमइतकं खातं. रोज नवी हलकी डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) शोधत फिरण्यापेक्षा टॅब आवरलेले बरे.

टाकल्यावर सगळ्यात मोठा फरक झेडरॅमने पडला. रॅम भरत आली की हे तिचाच काही भाग दाबून, कॉम्प्रेस करून ठेवतं, त्यामुळे ईएमएमसीवर धाव घ्यावी लागत नाही. क्रोम-ओएस आणि फेडोरा नावाचं लिनक्स हे मुळातच वापरतात. मिंटमध्ये पॅकेज आपण घालायचं. प्रोसेसरला थोडं जास्त राबावं लागतं, पण अडकून बसणं जवळपास गेलं.

दुसरी गोष्ट यूट्यूबची. व्हिडिओ दाबून पाठवायच्या पद्धतींपैकी व्हीपी९ उलगडायची सोय या चिपमध्ये आहे, एव्ही१ ची नाही. यूट्यूबने एव्ही१ पाठवलं की सगळा भार प्रोसेसरवर, आणि चित्र धक्के खात चालतं. फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगमध्ये एव्ही१ बंद केलं की व्हीपी९ येतं आणि ७२० पी निवांत दिसतं. पडदाच तेवढा आहे, जास्त कशाला हवं?

मराठीचं मात्र सविस्तर सांगते, कारण माझं पोटच त्यावर आहे. इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड सेटिंगमधून जोडला की झालं. 'दुसऱ्या' मधला ऱ्या शिफ्ट-जे, डी, मग य आणि काना, असा विंडोजवर येतो तसाच येतो. बोटांना नव्याने काही शिकावं लागलं नाही. लिबरऑफिस या मोफत ऑफिसात भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'ची भाषा मराठी करा. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श लगेच मराठी वळणाचे होतात. हिंदी वळणाचा ल दिवसभर बघून डोळे शिणतात, निदान माझे तरी. मेन्यूंसाठी एक टाइपचा मुक्ता फाँट लावलाय, या कमी ठिपक्यांच्या पडद्यावर तो स्वच्छ वाचता येतो. अडचण आहे ती श्रीलिपीच्या जुन्या फायलींची. युनिकोड नसल्याने त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मी आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून मागते. जे देत नाहीत त्यांचं काम ऑफिसातल्या विंडोजवर.

साठवणीचं पथ्य पाळावं लागतं. फ्लॅटपॅकचे प्रोग्रॅम सोबत स्वतःचा संसार घेऊन येतात, दोन-तीन टाकले की काही जीबी गेलेच. टाइमशिफ्ट सिस्टीमच्या ज्या जुन्या प्रती जपून ठेवतं, त्या कमीत कमी ठेवल्या नाहीत तर एक दिवस जागाच संपते. आणि ईएमएमसी बोर्डावर डकवलेली, खराब झाली की लॅपटॉपच गेला समजा. म्हणून हिशेबाच्या फायली दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून आवाज, वायफाय, टचपॅड आणि झाकण मिटल्यावरची झोप, एवढं बघाच. या किमतीच्या लॅपटॉपांत ध्वनीची चिप बऱ्याचदा ईएस८३३६ असते, माझ्यातही तीच आहे. जुन्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या जुन्या गाभ्यावर, नुसतं 'डमी आउटपुट' दिसायचं आणि स्पीकर मुके. मिंट २२ च्या ६.८ कर्नलवर ते बोलायला लागले. झोपेचं मात्र तितकं बरं नाही, झाकण मिटून रात्रभर ठेवला की सकाळी बॅटरी बरीच उतरलेली असते. मी सरळ बंदच करते.

टॅलीवर काम असेल, किंवा ई-टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन रोज लावावं लागत असेल, तर लिनक्सच्या नादी लागू नका. थोडे पैसे साठवून ८ जीबीचं यंत्र घ्या आणि त्यावर विंडोज ठेवा. प्रिंटरचंही आधी तपासा. सोसायटीच्या कार्यालयातला छोटा लेझर प्रिंटर माझ्या मिंटवर काही केल्या चालला नाही, त्यामुळे पावत्या पीडीएफ करून पेनड्राइव्हवर नेते आणि तिथल्या कॉम्प्युटरवरून छापते. घरी मात्र नेटवर्कवरचा प्रिंटर आहे, तो मिंटने न विचारताच ओळखला.