एलडीएल २२० आलंय: शेंगाचटणी सोडायची की गोळी घ्यायची?

एलडीएल म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल. त्याचा रिपोर्ट वाईट आला की सोलापुरात पहिली कुऱ्हाड शेंगाचटणीवर पडते. बिचारीचा फारसा दोष नाही. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच. एलडीएल वाढवतात ती साय, तूप, मटणाची चरबी, डालडा आणि पामतेलातली खारी-बिस्किटं. दोन चमचे चटणी कडक भाकरीबरोबर खुशाल खा, फक्त मीठ बेतानं.

मुद्दा आकड्याचा आहे. एलडीएल १४०-१५०, पोट सुटलेलं, घरात कमी वयात कुणाला हृदयविकाराचा झटका नाही, तर आधी पथ्य. तीन महिने वरच्या वस्तू बंद, रोज मटकी-हुलग्यासारखं कडधान्य, आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं, मग पुन्हा रक्त. मधुमेह असेल किंवा झटका येऊन गेला असेल तर ही सवलत नाही, गोळी लगेच.

एलडीएल १९०च्या वर असेल, त्यात वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला साठच्या आत झटका आलेला असेल, तर दोष बहुधा अनुवंशिक, घराण्यातून आलेला. यकृताच्या पेशी एलडीएल पकडून रक्तातून काढतात. पकडणाऱ्या जागाच जन्मापासून कमी असल्या की माळकरी, सडपातळ माणसाचाही आकडा चढाच राहतो. टाचेमागची दोरीसारखी शीर (स्नायूबंध) जाड झालीय का, पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढरट कड दिसते का, हे बघा. त्याआधी थायरॉइड आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. त्यांच्या बिघाडानंही एलडीएल चढतं.

आता हिशोब. काटेकोर पथ्यानं १०-१५ टक्के उतार धरला तर २२०चे १९० होतात. मेहनत बरीच, आकडा तरी धोक्याचाच. जोरदार मात्रेतली स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी), म्हणजे अटोर्व्हास्टॅटिन ४० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, जवळपास निम्म्यावर आणते: ११०. जोडीला इझेटिमाइब ही वेगळ्या जातीची गोळी, १० मिलिग्रॅम, दिली की ९०च्या आसपास. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर मात्र जेमतेम ६ टक्के जास्त उतरतं, म्हणून दुसरी गोळी जोडणं बरं. अनुवंशिक दोषात गोळी आधी आणि पथ्य जोडीला. तंबाखू, बिडी तर दोन्हीकडे बंदच.

फसतं कुठे? सहा-आठ आठवड्यांनी रिपोर्ट नॉर्मल येतो आणि ‘बरं झालं’ म्हणून गोळी बंद होते. काही आठवड्यांत आकडा मूळ पदावर. स्नायू फार दुखले, लघवी गडद झाली तर मनानं सोडून न देता डॉक्टरांना दाखवा. मूल हवं असेल तर बाईनं गोळीबद्दल आधीच बोलावं.

जनुक तपासणी की घरच्यांची साधी लिपिड प्रोफाईल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी? आधी लिपिड. ती स्वस्त, आणि उपचार तिच्यावरच सुरू होतात. जनुक तपासणीत काही सापडलं नाही म्हणून दोष नाही असंही होत नाही. ती उपयोगी पडते नातेवाइकांसाठी: एकाचा बदल सापडला की बाकीच्यांत तेवढाच शोधायचा. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांत लग्न ठरत असेल तर ती जरूर करावी. एका पालकात दोष असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. दोघांत असला तर चारात एक शक्यता दुहेरी दोषाची. त्यात एलडीएल ४००च्या पुढे जातं आणि झटका कोवळ्या वयातही येऊ शकतो.

म्हणून भावंडांबरोबर शाळकरी पोरांचंही रक्त तपासा. त्यांच्यात १६०च्या वरचा आकडा संशयाचा, आणि गरज पडली तर गोळी साधारण आठ-दहा वर्षांपासून सुरू होते.