‘जबाबदार खाणीतील हिरा’: अंगठी उत्तम, हवामानाचा दावा अपुरा

मुलीच्या साखरपुड्यासाठी पुण्यातील लक्ष्मी रस्त्यावरच्या एका जुन्या पेढीतून नैसर्गिक हिऱ्याची अंगठी घेतली. पेढीचे नाव मुद्दामच देत नाही. अंगठीच्या कामाबद्दल तक्रारीला जागा नाही. ३० सेंटचा (०.३० कॅरेटचा) गोल हिरा, १८ कॅरेट सोने, आणि खडा धरून ठेवणारे चारही दात (प्राँग) इतके गुळगुळीत बसवलेले की रेशमी पदरावरून बोट फिरवून पाहिले तरी धागा अडकला नाही. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक विक्रेत्याने भिंगाखाली दाखवला आणि तो प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी शांतपणे ताडून पाहू दिला. घडणावळ बिलात स्वतंत्र दाखवली होती आणि परतीच्या किमतीचा नियमही न विचारता समजावून सांगितला.

माझा आक्षेप आहे तो डबीत ठेवलेल्या हिरव्या कार्डाला. हा हिरा २०३० पर्यंत कार्बन न्यूट्रल (जितके उत्सर्जन तितकीच भरपाई, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य) होणाऱ्या जबाबदार खाण उद्योगातून आला असल्याचे त्यावर छापले आहे. कोणती खाण, असे विचारल्यावर विक्रेता म्हणाला, “मॅडम, कार्ड वरून छापूनच येतं, खाणीचं नाव आमच्याकडे नसतं.” त्याचे उत्तर प्रामाणिक होते, परंतु त्या उत्तराने कार्डावरच्या वाक्याला काही आधार उरत नाही.

२०३० पर्यंत कार्बन न्यूट्रल होण्याचे उद्दिष्ट डी बिअर्स या हिरे खाण कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले होते. संपूर्ण हिरे खाण उद्योगाने असे एकमुखी वचन कधीच दिलेले नाही. कच्च्या हिऱ्यांना प्रमाणपत्र देण्याची जी आंतरराष्ट्रीय व्यवस्था २००३ पासून लागू आहे, त्या किंबर्ली प्रक्रियेचा विषय सशस्त्र बंडखोरांना पैसा पुरवणारे कच्चे हिरे रोखणे हा आहे, कार्बनशी तिचा संबंध नाही. शिवाय डी बिअर्सचे विज्ञानाधारित कसोटीवर मान्य झालेले लक्ष्य वेगळ्या भाषेत आहे: २०२१ च्या तुलनेत २०३० पर्यंत स्वतःच्या कामकाजातील आणि विकत घेतलेल्या विजेतील उत्सर्जनात ४२ टक्के घट, आणि पुरवठा साखळीतील उत्सर्जनात २५ टक्के घट. मला हे दुसरे लक्ष्य अधिक विश्वासार्ह वाटते, कारण आधारवर्ष ठरलेले असल्याने घट मोजता येते आणि झाडे लावून किंवा कार्बन क्रेडिट (दुसऱ्याने केलेल्या उत्सर्जन कपातीचे श्रेय) विकत घेऊन हिशेब जुळवण्याला त्यात वाव कमी राहतो. मात्र ते कंपनीच्या एकूण कामकाजाचे लक्ष्य आहे, आणि माझ्या ६० मिलिग्रॅमच्या खड्यासाठी किती डिझेल जळले हे त्यावरून कळू शकत नाही.

खाणीचे नाव हवे ते यासाठीच. हिरे ज्यात सापडतात तो किंबरलाइट हा खडक फोडणे, अवजड डंपरने वर आणणे, दळणे आणि त्यातून हिरे वेगळे करणे या सगळ्याला लागणारी ऊर्जा कुठून येते, यावर हिऱ्यामागचे कार्बन उत्सर्जन ठरते. दक्षिण आफ्रिकेतील व्हेनेशिया ही खाण २०२३ पासून भूमिगत उत्पादनाकडे वळली आहे आणि त्या देशाची वीज प्रामुख्याने कोळशावर चालते. बोट्स्वानातही कोळशाचेच प्राबल्य आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील डायविक खाणीपर्यंत तर विजेचे जाळे पोचतच नाही, त्यामुळे तेथे वर्षभराचे डिझेल गोठलेल्या तलावांवरून जाणाऱ्या हिवाळी रस्त्याने टँकर भरून न्यावे लागते. २००६ साली हिवाळा उबदार निघाला, बर्फ पुरेसे जाड झाले नाही, रस्ता लवकर बंद करावा लागला आणि त्या भागातील खाणींना इंधन विमानाने मागवावे लागले. हवामानबदलाची झळ आणि त्याचे कारण एकाच रस्त्यावर इतके स्पष्ट दिसण्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याच डायविकमध्ये २०१२ साली एकूण ९.२ मेगावॉटच्या चार पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि कडाक्याच्या थंडीत पात्यांवर बर्फ साचू नये म्हणून ती तापवण्याची सोय केली गेली. २०२४ मध्ये तेथे ६,६०० हून अधिक सौर पॅनेल बसले, जमिनीवरच्या बर्फावरून परावर्तित होणारा प्रकाशही टिपणारे; त्यांतून वर्षाला सुमारे १० लाख लिटर डिझेल वाचेल असा ही खाण चालवणाऱ्या रिओ टिंटो कंपनीचा अंदाज आहे. हे काम कौतुकास्पद आहे. पण खाणीतील उत्पादन २०२६ मध्ये संपवण्याचे नियोजन असताना सौरप्रकल्प २०२४ मध्ये आला, म्हणजे त्याचा मोठा उपयोग खाण बंद करण्याच्या कामातच होणार. हीच तत्परता वीस वर्षे आधी दाखवली गेली असती, तर त्या मातीतून निघालेल्या प्रत्येक हिऱ्याचा हिशेब वेगळा झाला असता.

विक्रेत्याने प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांचा ट्रेही ‘इकोफ्रेंडली’ म्हणून पुढे केला. तेथेही प्रश्न विजेचाच आहे: कोळशाच्या विजेवर आठवडेच्या आठवडे चालणारे यंत्र आणि सौरविजेवर चालणारे यंत्र यांतून निघालेले हिरे दिसायला सारखे असले तरी त्यांचे उत्सर्जन सारखे नसते. अमेरिकेत फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये अशा मोघम दाव्यांबद्दल विक्रेत्यांना ताकीद दिली होती. त्याच वर्षी नैसर्गिक हिऱ्याला प्रति कॅरेट १६० किलो आणि प्रयोगशाळेतील हिऱ्याला ५११ किलो उत्सर्जन दाखवणारा अहवाल आला. तो खाण कंपन्यांच्या संघटनेनेच करवून घेतला होता, त्यामुळे दुकानात कोणी हे आकडे सुनावले तर ते कोणाच्या खर्चाने निघाले हेही लक्षात घ्यावे.

खाणीतून उरलेल्या दळलेल्या किंबरलाइटमधील मॅग्नेशियमयुक्त खनिजे हवेतील कार्बन डायऑक्साइड घन रूपात बांधून ठेवतात, आणि ही संथ नैसर्गिक प्रक्रिया वेगवान करण्याचे संशोधन डी बिअर्सने २०१७ पासून हाती घेतले आहे. कल्पना भक्कम आहे आणि तिच्यावर पैसा खर्च व्हायलाच हवा. परंतु आज विकल्या जाणाऱ्या अंगठीच्या कार्डावर तिचे श्रेय घेता येणार नाही.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या असून ‘कार्बन न्यूट्रल’सारखे शब्द वापरणाऱ्याने पुरावा उपलब्ध ठेवणे त्यांत अपेक्षित आहे. मी पेढीच्या व्यवस्थापकांना तसे लेखी कळवले आणि कार्डावर खाणीचे नाव, उत्पादनाचे वर्ष व विजेचा स्रोत छापावा, नाहीतर ते कार्ड काढून टाकावे, अशी विनंती केली. त्यांनी पत्र पुरवठादाराकडे पाठवल्याचे कळवले आहे. दागिन्याची घडण, वजनातील चोखपणा आणि वागणूक यांसाठी या पेढीची शिफारस मी निःशंकपणे करीन. कार्डावरच्या दाव्यापोटी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नये, आणि त्या दाव्याचा कागद बिल करण्यापूर्वीच मागावा, कारण पैसे भरल्यावर तो मिळवून देण्याची निकड दुकानात कोणालाच उरत नाही.