डबे सहा, चॅनेल दोनच

स्टिरिओची जुनी जोडी मोडीत देऊन मी ५.१ संच (पाच स्पीकर आणि जाड्या आवाजाचा एक सबवूफर) घेतला आणि पहिले तीन आठवडे खूशही होतो. आपल्याला आवाजातलं बऱ्यापैकी कळतं असं समजणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

दुकानात विक्रेत्याने आधी दोन स्पीकर ऐकवले, मग सहा. सिनेमाचा प्रसंग तोच, पण दुसऱ्या वेळी आवाज चांगलाच वर नेलेला आणि सबवूफर तर खुर्चीच हलवत होता. मोठा आवाज कानाला नेहमी सरस वाटतो. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा लागतो, हे मला ठाऊक होतं. तरी तेवढ्या वेळापुरतं विसरलो. “स्टिरिओ आता जुनं झालं साहेब, दोनाच्या जागी सहा मिळतायत,” असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली.

घरी सिनेमे दणक्यात वाजले. खटकलं ते गाण्यांच्या वेळी. जुन्या जोडीवर गायिका दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध उभी असायची, तिथे स्पीकर नसताना. डाव्या-उजव्या स्पीकरमधून सारखाच आवाज सारख्याच वेळी आला की कान त्याची जागा मध्यावर धरतो. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ साली पेटंटसाठी अर्ज केला तो याच दोन चॅनेलच्या, म्हणजे आवाजाच्या दोन वेगळ्या वाटांच्या, ध्वनीसाठी, आणि आजही बहुतेक गाणी दोन चॅनेलसाठीच मिसळलेली असतात. नव्या संचावर मात्र गायिका समोर, डावीकडे, उजवीकडे आणि माझ्या मानेमागेही. वाद्यांचा तर नुसता गोळा.

शेवटी चॅनेल तपासायची डिस्क लावली. त्यात एक बाई एकेका स्पीकरचं नाव घेते आणि आवाज फक्त त्याच स्पीकरमधून यायला हवा. ती “मागचा डावा” म्हणाली तेव्हा मागचा डावा बोलला, पुढचा डावा बोलला आणि मधलाही कुजबुजला. “मधला” म्हणाली तेव्हा पाचही डबे एका सुरात. एकेका स्पीकरला कान लावून मी दोनदा फिरलो, जोडणीत माझीच चूक असेल म्हणून.

चूक जोडणीत नव्हती. संचाच्या मागे आत येणाऱ्या आवाजासाठी लाल-पांढऱ्या पिनांची एकच जोडी होती. सहाही चॅनेल आत नेणारी ऑप्टिकल किंवा एचडीएमआयची जोडणी नाही, सहा वेगळ्या पिनाही नाहीत. म्हणजे टीव्ही सहा चॅनेलचं दोनात मिसळून देणार आणि हा डबा त्या दोनाच्या नकला काढून पाच ठिकाणी वाटणार. जाडा आवाज गाळून सबवूफरला, झालं ५.१. ब्लूटूथचीही तीच गत. आपण नेहमी ज्याने गाणी पाठवतो ते ब्लूटूथ दोनच चॅनेल नेतं, खोक्यावर काहीही छापलेलं असो. रिमोटवर ‘सराउंड’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की मागचा आवाज पोकळ व्हायचा, बाकी काही नाही.

मग स्क्रू-ड्रायव्हर काढलाच. पुढच्या स्पीकरवर वर छोटा चकचकीत ट्वीटर (बारीक आवाजाचा स्पीकर) दिसायचा. जाळी काढून नखाने टोकरलं तर प्लॅस्टिकची टिकली निघाली, गोंदाने चिकटवलेली. मागे वायर नाही, चुंबक नाही. खोक्यावर ८००० वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा, आणि यंत्राच्या पाठीवरच्या स्टिकरवर विजेचा वापर ६० वॉट! साठ घेऊन सतत आठ हजार देणारं यंत्र असतं तर मी त्यावर घर चालवलं असतं. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारायचं. मी विचारलं नव्हतं.

खऱ्या ५.१ बद्दल माझी तक्रार नाही. त्यात संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, त्यामुळे कडेला बसलेल्यालाही ते पडद्यावरूनच आल्यासारखे वाटतात. दोन स्पीकरांना हे जमत नाही. जो मधोमध बसेल त्याचीच चैन. पण त्यासाठी सहा चॅनेल वेगवेगळे आत जायला हवेत, आणि मागचे स्पीकर समोरच्या दिशेपासून साधारण १०० ते १२० अंशांवर ठेवायला जागाही हवी. माझा सोफा भिंतीला टेकलेला. हेही विक्रेत्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

परत करायला गेलो तर “सील फोडलंय” हे पहिलं उत्तर. पिनांचं दाखवल्यावर तो म्हणाला, “स्पीकर मोजा ना, सहा आहेत की नाहीत?” बिलावरही नेमकं तेच होतं: ‘सहा नग स्पीकर संच’. ५.१ हा आकडा फक्त खोक्यावर, आणि खोकं मी पहिल्याच दिवशी रद्दीत दिलं होतं. जुन्या जोडीची चौकशी केली, ती विकली गेली होती.

सध्या पुढचे दोन तेवढे लावलेत. टिकली पुन्हा चिकटवलेली नाही.