लिपलेस क्रँकबेट: खुळखुळणारं घ्यावं की मुकं?

बास माशासाठी लिपलेस क्रँकबेट, म्हणजे छोट्या माशासारखं कृत्रिम आमिष (ल्यूर), घेताना सगळ्यांची नजर आधी रंगावर जाते. आधी वजन बघा. याला पुढे पाणी कापणारी पट्टी नसते आणि बहुतेक मॉडेल सोडली की बुडत राहतात. म्हणून किती खोलीवर चालणार, हे वजन आणि लाइन गुंडाळायचा वेग ठरवतात. ७ ग्रॅमचं उथळ पाण्यात बरं, पण दणकट रॉडने ते लांब जात नाही. १ ते २ मीटर पाण्याला १४ ग्रॅमचं घ्या. २१ ग्रॅमचं खोल पाण्यासाठी किंवा जोराच्या वाऱ्यासाठी.

आता आवाज. पोटात बरेच बारीक छर्रे असलेलं, उदाहरणार्थ रॅट-एल-ट्रॅप, सतत खुळखुळतं. गढूळ पाण्यात मासे विखुरलेले असले की हेच. एकच मोठी गोळी असलेलं ठक-ठक असं जाड वाजतं. खुळखुळाटाला सरावलेल्या बासवर ते चालून जातं. मुकं मॉडेल नितळ, संथ, उथळ पाण्यासाठी. पहिलं एकच घ्यायचं तर खुळखुळणारं.

रेड आय शॅड हे मॉडेल सोडल्यावर डुलत खाली जातं. उचल-सोड करायची असेल तर ते सरस, कारण बास बहुधा ते खाली जातानाच धरतो. तेव्हा लाइन पूर्ण सैल सोडलीत तर धरल्याचं कळतच नाही.

खरी मजा पाणगवतात. शेंड्यांना घासत आणा. अडकलं की रॉडला बाजूला एक आखूड झटका द्या. सुटून उसळी मारतं त्याच क्षणी माशाचा टोला बसतो. विरळ गवतात १५-१७ पाउंडची फ्लुओरोकार्बन लाइन पुरते. दाट गवत ब्रेड (विणलेली लाइन) चांगलं कापते, पण ती ताणत नाही, त्यामुळे कडक रॉडवर गळ तोंडातून निसटतात. बुडालेल्या फांद्यांत मात्र हे नकोच. तिथे पुढच्या चौकोनी पट्टीवर आपटून उसळणारं स्क्वेअरबिल क्रँकबेट वापरा.

रंगाचं थोडक्यात: वसंताच्या सुरुवातीच्या थंड पाण्यात लाल, बास छोट्या माशांच्या मागे असला की चंदेरी.

मासा निसटतो तो बहुधा उडी मारताना. डोकं झटकलं की ल्यूरचं वजनच तरफेसारखं गळ उचकटतं. म्हणून मधून वाकणारा ७ फुटी रॉड घ्या, टोक पाण्याकडे ठेवा, हिसका न देता रॉड बाजूला ओढा. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून बघा. रुतलं नाही, घसरलं, तर तिहेरी गळ बदला. फार मोठा मात्र लावू नका. पुढचा-मागचा एकमेकांत अडकतात.