महाराष्ट्रातील स्वयंसेवी क्षेत्र मोजण्यासाठी ‘एनजीओ दर्पण’ कितपत उपयोगी?

नीती आयोगाचे ‘एनजीओ दर्पण’ हे पोर्टल मुख्यतः सरकारी अनुदानासाठी लागणाऱ्या नोंदणीची सेवा म्हणून परिचित आहे. हे परीक्षण मात्र त्याच्या दुसऱ्या उपयोगाविषयी आहे. महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्था किती आणि त्यांना पैसा कोठून मिळतो, हे दोन प्रश्न घेऊन एखादा अभ्यासक, पत्रकार किंवा देणगीदार या पोर्टलकडे वळला, तर त्याच्या हाती नेमके काय लागते, एवढेच येथे पाहिले आहे.

संस्था शोधण्यासाठी ही सेवा निश्चितच चांगली आहे. नियोजन आयोगाच्या काळात, २००९ मध्ये, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने सुरू झालेल्या या यादीत नोंदणीसाठी शुल्क नाही. राज्य आणि कार्यक्षेत्र निवडले की संस्थांची नावे समोर येतात, आणि संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, तिचा नोंदणी क्रमांक काय आणि पदाधिकारी कोण, हे एकाच पानावर वाचता येते. अनोळखी संस्थेने देणगी मागितल्यास पहिली पडताळणी म्हणून एवढी माहिती पुरेशी ठरते.

संख्येचा प्रश्न आला की मात्र हे साधन अपुरे पडते. येथे नोंदणी करणे हे संस्थेच्या अस्तित्वाची अट नाही. ज्यांना केंद्राचे अनुदान किंवा परदेशी देणगीची परवानगी हवी असते, त्या संस्था प्रामुख्याने येथे येतात. वर्गणीवर चालणारी वाचनालये आणि महिला मंडळे यांना येथे येण्याचे कारणच पडत नाही. महाराष्ट्रातील मूळ नोंदवही १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था आपल्या राज्यात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदली जाते; त्यामुळे तिला दोन क्रमांक मिळतात, आणि दोन्ही याद्यांची बेरीज करणारा तीच संस्था दोनदा मोजतो. शिवाय त्याच नोंदवहीत देवस्थानेही असल्याने, गावच्या मंदिराचा न्यास स्वयंसेवी क्षेत्रात धरायचा की नाही, यावर एकूण आकडा कितीतरी बदलतो. कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील ना-नफा संस्थांचे दप्तर तर तिसऱ्याच ठिकाणी, कंपनी निबंधकांकडे, असते.

नोंदलेली संस्था आज कार्यरत असेलच, असेही नाही. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीत २००८ पर्यंत देशात सुमारे ३१.७ लाख संस्थांची नोंद आढळली होती. त्यांपैकी सुमारे २२ लाख संस्थांचा प्रत्यक्ष शोध घेतला, तेव्हा जेमतेम ७ लाख सापडल्या. नोंदणीचा आकडा हाच क्षेत्राचा आकार मानणाऱ्या कोणत्याही अहवालाकडे, माझ्या मते, या एका अनुभवामुळे संशयाने पाहिले पाहिजे.

पैशाच्या बाबतीत उणीव अधिक ठळक आहे. दर्पणवरील निधीस्रोतांची माहिती संस्था स्वतः भरतात, त्यामुळे तिच्या बेरजेतून राज्याचे चित्र काढणे धाडसाचे ठरेल. त्यासाठी इतर खिडक्या गाठाव्या लागतात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची, म्हणजे सीएसआरची, राज्यवार आकडेवारी केंद्राच्या स्वतंत्र पोर्टलवर मिळते. ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते, आणि या खर्चात महाराष्ट्र वर्षानुवर्षे देशात आघाडीवर आहे. मात्र ही सगळी रक्कम स्वयंसेवी संस्थांना मिळते, असे समजू नये. कंपन्या काही कामे स्वतः करतात, काही स्वतःच्याच प्रतिष्ठानांमार्फत करतात, आणि बरीच मोठी रक्कम कोणत्याही एका राज्याच्या नावे न दाखवता ‘संपूर्ण भारत’ या सदरात टाकली जाते.

परदेशी देणग्यांचे गणित याहून अवघड आहे. मुंबईत कार्यालय असलेली संस्था देणगी येथे स्वीकारते आणि खर्च झारखंडात करू शकते. पूर्वी मोठ्या संस्था अशा देणगीतील वाटा गावपातळीवरील छोट्या संस्थांना देत असत. परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने ही वाट बंद झाली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तिमाही जमा जाहीर करण्याचा नियमही २०२२ मध्ये वगळण्यात आला, म्हणजे वाचकाची एक खिडकी कमी झाली.

सर्वसामान्य माणसाची देणगी तर जवळजवळ अदृश्यच आहे. देणगीदाराला आयकरात सवलत देणाऱ्या ८०जी कलमाखालील देणग्यांचे देणगीदारनिहाय विवरणपत्र संस्थांना २०२१-२२ या वर्षापासून आयकर विभागाला सादर करावे लागते. त्यामुळे विभागाकडे या देणग्यांचा तपशील जमा होतो, पण त्याची राज्यवार बेरीज सामान्य वाचकापुढे येत नाही. दानपेटी, वर्गणी आणि श्रमदान यांचा तर विचारही नको.

म्हणून संस्थेची ओळख पटवण्यासाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन आणि क्षेत्राचा आकार किंवा निधी मोजण्यासाठी दीड. सुधारणा फार अवघड नाही. दर्पण, आयकर आणि सीएसआरसाठीची संस्था-नोंदणी या तिन्ही ठिकाणी पॅन घेतला जातोच, आणि न्यासाचा नोंदणी क्रमांकही दर्पणच्या पानावर असतो. त्या क्रमांकाच्या आधारे धर्मादाय कार्यालयात दरवर्षी सादर होणारा लेखापरीक्षित ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक संस्थेच्या पानाशी जोडले, तर बंद पडलेल्या संस्था पहिल्याच वर्षी वेगळ्या दिसू लागतील.