बुलेटवाल्यांच्या पार्टीला मिसळ की वडापाव?

मित्राच्या चाळिशीला थीम ठरली बायकर्सची. काळे टीशर्ट, अंगणात ओळीने लावलेल्या बुलेट, भिंतीवर जुन्या नंबरप्लेट. २५ जणांना खायला काय द्यायचं, यावर मात्र दोन तट पडले.

मिसळीची बाजू भक्कम. आमच्यात रविवारी पहाटे गाड्या निघतात त्या मिसळीसाठीच, राईड हे निमित्त. पण ती आदल्या दिवसापासून राबवते. सव्वा किलो मटकी आठ तास भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, मग कट वेगळा, फरसाण वेगळं, कांदा-लिंबू वेगळं. शिवाय बसायला जागा हवी. एका हातात वाटी, दुसऱ्यात पाव, काखेत हेल्मेट, आणि कोणीतरी मागून पाठीवर थाप मारली की तर्री थेट लेदर जॅकेटवर. तो डाग सहजी जात नाही, अनुभव आहे.

वडापाव १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर सुरू झाला तोच घाईतल्या माणसासाठी. गाडीला टेकून, एका हाताने खाता येतो. चार किलो बटाट्यांत पन्नास वडे सहज होतात. सारणाचे गोळे सकाळीच वळून ठेवायचे, तळायचं तेवढं ऐनवेळी. अडचण एकच, कढईपाशी एकाला अडकून पडावं लागतं, कारण गार वड्यात राम नाही.

माझं मत वडापावाला. कढईपाशी बर्थडे बॉयलाच उभं करू. मिसळ काय, पुढच्या रविवारी आहेच.