झुनी जडावाचं पेंडंट: काम एक नंबर, दुकानदार मात्र गोलमाल

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावातल्या एका दुकानातून सनफेसचं, म्हणजे सूर्याच्या चेहऱ्याचं, पेंडंट घेतलं, तिथल्याच झुनी पुएब्लोच्या (झुनी या नेटिव्ह अमेरिकन, म्हणजे मूळनिवासी जमातीच्या गावाच्या) कारागिराचं, मागे सही कोरलेली आहे. काम खरंच भारी! चांदीच्या बारीक पट्ट्या उभ्या झाळून छोटी छोटी घरं केलीयत, प्रत्येक घरात त्याच मापाला घासलेला तुकडा बसवलाय आणि मग सगळं एका पातळीत घासून पॉलिश, याला चॅनल इनले म्हणतात. नख फिरवलं तरी कुठे अडकत नाही, भिंगातून पाहिलं तर एकच फट सापडली आणि तीही कडेला.

रंग नेहमीचे झुनी, निळा पिरोजा, लाल पोवळं, काळा जेट, पांढरा शिंपला. जेट म्हणजे लाकडाचा जमिनीखाली कोळशासारखा झालेला प्रकार, म्हणून एवढा हलका. समुद्र कुठल्या कुठे, पण शिंपले व्यापारातून इथे फार जुन्या काळापासून यायचे. उलट चांदीच नवीन, ती घडवायला झुनी लोक 1870 च्या दशकात एका नावाहो (दुसरी मूळनिवासी जमात) कारागिराकडून शिकले, दगड-शिंपल्याचं जडावकाम त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणूनच असेल, यात चांदी नुसती रेघा ओढायला आहे, मिरवतो तो दगडच.

आता तक्रार. पिरोजा स्टॅबिलाइझ्ड आहे का विचारलं तर दुकानदार "सगळं नॅचरल आहे" एवढंच घोकत बसला. अहो, मऊ पिरोज्यात रेझिन मुरवून तो कडक करतात, सर्रास चालतं, त्यात वाईट काही नाही पण सांगा ना! खरी फसवणूक 'ब्लॉक'ची, ते निव्वळ रंगवलेलं प्लास्टिक. शेवटी कारागिराचं नाव, जमात आणि प्रत्येक दगड काय आहे हे बिलावर लिहून घेतलं, कुरकुरत दिलं. 1990 चा कायदा आहे, पण तो माल खरंच नेटिव्ह अमेरिकन माणसाने केलाय का एवढंच बघतो, दगड अस्सल का ते आपलं आपण बघायचं.

घालताना सेंट आधी मारा, पेंडंट नंतर, पिरोजा तेल-अत्तर शोषतो. साफ करायला अल्ट्रासॉनिक मशीन नको, चांदी उजळायचं डिप तर अजिबात नको, शिंपला आणि पोवळं खराब होतं, मऊ कापडाने पुसलं की बास.

कानातले थेट झुनीला जाऊनच घेणार, गॅलपहून गाडीने तासाभराच्या आत आहे. तिथे फोटो काढायला परमिट लागतं, आधी व्हिजिटर सेंटरला जा.